महारवतनापासून जीपीएसच्या घड्याळापर्यंत : नोंद कुणाच्या हातात?

गेल्या दशकाच्या अखेरीस नागपूर महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसचे घड्याळ बांधले. चंदीगडमध्ये आणि शेजारच्या पंचकुलातही तेच झाले. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, किती वेळ आहे, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागले. हद्दीबाहेर गेल्याची नोंद झाली म्हणून पगार कापल्याच्या तक्रारी आल्या. चंदीगडच्या कामगारांनी रस्त्यावर येऊन निषेध केला. शौचालयात जातानाही हे यंत्र आपल्या अंगावर असते, मग आपल्याला कोण पाहते, कोण ऐकते, असा प्रश्न महिला कामगारांनी विचारला.

वर्तमानपत्रांनी याला ‘स्मार्ट सिटी’ म्हटले. आपण याला इतिहास म्हटले पाहिजे. कारण प्रश्न घड्याळाचा नाही. कुणाच्या श्रमाची नोंद कोण ठेवतो आणि त्या नोंदीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न आहे आणि तो या देशात फार जुना आहे.

वस्तू विकण्याचा धंदा संपत चालला आहे

आधी या यंत्रांमागचा धंदा समजून घेऊ. पूर्वी कारखानदार वस्तू बनवायचा, विकायचा आणि त्याचा संबंध तिथे संपायचा. 1962 साली ब्रिस्टल सिडले या ब्रिटिश कंपनीने विमानाच्या इंजिनाबाबत वेगळी पद्धत आणली. इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचा ठरलेला दर द्यायचा, देखभाल आणि सुटे भाग कंपनीने बघायचे. पुढे ही कंपनी रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली आणि इंजिनात सेन्सर आल्यावर ही पद्धत पक्की झाली. इंजिन आकाशात असतानाच त्याची तब्येत जमिनीवर कळू लागली.

इथपर्यंत कुणाचे नुकसान नव्हते. दोन्ही बाजूंना बलाढ्य कंपन्या होत्या, करार बरोबरीचा होता. पण हीच पद्धत शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरपर्यंत आली तेव्हा तिचा दुसरा चेहरा दिसला. 2015 साली जॉन डिअर कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयासमोर भूमिका मांडली, की ट्रॅक्टर शेतकऱ्याचा असला तरी त्यातले सॉफ्टवेअर कंपनीचे आहे, शेतकऱ्याला ते वापरण्याची फक्त परवानगी आहे. म्हणजे लाखो रुपये मोजूनही आपल्याच ट्रॅक्टरची दुरुस्ती करायला कंपनीच्या माणसाची वाट पाहायची. तिथल्या शेतकऱ्यांनी अनेक वर्षे ‘दुरुस्तीचा हक्क’ मागितला आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने या कंपनीवर खटला भरला.

अमेरिकेतच गरिबांना महाग व्याजाने मोटारीचे कर्ज देणाऱ्यांनी गाडीत असे यंत्र बसवले, की हप्ता चुकला तर गाडी दुरूनच बंद पडते. श्रीमंताच्या गाडीत हे यंत्र कुणी बसवत नाही.

या उदाहरणांतून तीन गोष्टी हाती लागतात. वस्तू वापरणाऱ्याकडे असते, पण तिच्यावरची सत्ता विकणाऱ्याकडे राहते. ती दुरून बंद करता येते. आणि वापराची सगळी नोंद विकणाऱ्याच्या कपाटात जाते. जिथे दोन्ही पक्ष बरोबरीचे असतात तिथे हा निव्वळ व्यवहार असतो. जिथे ते बरोबरीचे नसतात तिथे ती गुलामीची नवी तजवीज ठरू शकते.

वतन : चोवीस तासांची हजेरी

आपल्या समाजाला ही तजवीज नवी नाही. महारवतनात काय होते? हाडोळ्याची थोडी जमीन आणि बलुते. त्या बदल्यात गावाची आणि सरकारची कामे. सांगावा पोहोचवायचा, साहेबाचे सामान वाहायचे, मेलेले जनावर ओढायचे, मयताची खबर परगावी न्यायची. कामाची यादी कुठेच पूर्ण नव्हती, वेळेला बंधन नव्हते. माणूस हजर नसेल तर त्याच्या घरच्याला जुंपले जाई. जमीन कसायला मिळत होती, पण ती अटीवर होती. अट मोडली की जमीन जाण्याची भीती.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच मुद्द्यांवर. काम निश्चित करा, मोबदला निश्चित करा, ज्याला वतन सोडायचे आहे त्याला जमीन ठेवून सुटू द्या. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले, 1937 नंतर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. वतने कायद्याने रद्द झाली ती 1958 च्या कायद्याने, म्हणजे पहिल्या विधेयकानंतर 30 वर्षांनी.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर तुलना भोंगळ होईल. वतन जन्माने येत होते. जीपीएसचे घड्याळ जन्माने येत नाही, नोकरीने येते. पण झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे ज्या देशात जन्माने ठरत आले, तिथे घड्याळ कुणाच्या मनगटावर बसणार हे वेगळे सांगावे लागत नाही. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेतल्या नोंदणीनुसार गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांपैकी सुमारे 92 टक्के कामगार अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे 69 टक्के आहे. यंत्र नवे आहे, पण मनगट तेच जुने आहे.

भोंगा, दिवा आणि साचा

वतनातून सुटलेला माणूस गिरणीत आला. सुरुवातीला गिरणी सूर्याबरोबर चालायची, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विजेचे दिवे येऊ लागले आणि सूर्य मावळल्यावरही काम थांबेना. दिवा हे प्रगतीचेच साधन होते. पण त्याचा फायदा मालकाला मिळाला आणि कामगाराच्या वाट्याला जागरण आले.

याला पहिले संघटित उत्तर सत्यशोधकांनी दिले. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 साली रविवारची सुट्टी मिळवली. आज सगळ्या जातींचे लोक रविवारी आराम करतात. त्यातल्या किती जणांना लोखंडे माहीत आहेत?

1928 च्या मोठ्या गिरणी संपामागे मालकांचे ‘रॅशनलायझेशन’ होते. दोन साच्यांवर काम करणाऱ्या विणकराने तीन साचे चालवावेत, अशी ती योजना. संपाचे पुढारी तिच्या विरोधात बोलत होते आणि ते बरोबरच होते. पण ज्या विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, तिथे अस्पृश्य कामगाराला पायच ठेवू दिला जात नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढून जोडावा लागे आणि त्याला विटाळ लागेल, हे कारण. हा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हा उघडपणे मांडला. साचे परदेशातून आले होते, पण साच्यापुढे कोण उभे राहणार हे मनूच ठरवत होता. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता.

कामाच्या तासांबाबत आपल्या सभांमधून ‘बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले’ असे सांगितले जाते. कायद्याचा इतिहास नीट सांगितला तर बाबासाहेबांचे काम लहान होत नाही, उलट ठोस होते. 1934 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 54 तासांची मर्यादा होती. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दुरुस्ती विधेयक मांडले आणि 1946 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ही मर्यादा 48 तासांवर आली. घड्याळ तेच होते. कायद्याने ते कामगाराच्या बाजूने चालवले.

बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते

काही पुरोगामी मित्र म्हणतात, ही यंत्रेच नकोत. ही भूमिका आपली नाही. यंत्र नको म्हणणाऱ्या गांधीवादाला बाबासाहेबांनी 1945 साली सविस्तर उत्तर दिले आहे. यंत्र नसेल तर माणसाला ढोरमेहनत करावी लागेल, फुरसत मिळणार नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे म्हणणे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या ताब्यात देणाऱ्या समाजरचनेचा आहे.

घड्याळाचे समर्थक एक खरा मुद्दा मांडतात, तोही टाळू नये. अनेक ठिकाणी हजेरीपटावर खोटी नावे असतात. मुकादम हजेरी मांडण्यासाठी पैसे खातो. यंत्राने ही लूट थांबू शकते. मान्य. पण मग त्या नोंदीची प्रत कामगाराला का मिळत नाही? आठ तासांऐवजी दहा तास राबवून घेतले हे सिद्ध करायला तीच नोंद पुरावा का ठरत नाही? मुकादमाच्या, ठेकेदाराच्या आणि अधिकाऱ्याच्या मनगटावर घड्याळ का नाही? भ्रष्टाचार वरून होतो आणि पहारा खालच्यावर बसतो, याला सुधारणा म्हणता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याखालील नियमांत सुरक्षा साधनांची यादी आहे, तिच्यात वायू मोजणारे यंत्रही आहे. मिथेन, हायड्रोजन सल्फाइड वाढले किंवा ऑक्सिजन घटला तर ते इशारा देते. मेनहोलमध्ये सेन्सर बसवता येतो, माणसाला आत न उतरवता सफाई करणारा रोबो केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी बनवला आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली. ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख करावी लागली, कारण मृत्यू थांबलेच नव्हते.

म्हणजे सेन्सर बनवता येतो, बसवता येतो, त्याला पैसाही आहे. तो कामगाराच्या मनगटावर बसला, कारण कामगार पळेल याची व्यवस्थेला काळजी होती. तो गटाराच्या तोंडाशी बसला नाही, कारण कामगार मरेल याची तेवढी काळजी नव्हती. यंत्र कुठे बसवायचे हा तांत्रिक निर्णय नसतो, तो जातीचा निर्णय असतो.

मग मागायचे काय?

2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहे. इथे आपल्या वकिलांनी लक्ष घातले पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 साली सांगितले. झाडूवालीला तो हक्क नाही, असे त्यात कुठे म्हटलेले नाही.

बाहेर मार्ग निघाले आहेत. एप्रिल 2023 मध्ये अॅमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि ओला चालकांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याबद्दलची माहिती आणि यंत्राने आपल्याविरुद्ध निर्णय कसा घेतला हे जाणण्याचा त्यांचा हक्क मान्य झाला. राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. महाराष्ट्रात सफाई कामगार आणि घरोघर सामान पोहोचवणारी आपली मुले यांची मागणी एकच असू शकते. दोघेही एकाच प्रकारच्या नजरेखाली राबतात.

आपल्या संघटनांनी प्रत्येक महानगरपालिकेला लेखी विचारावे. घड्याळांचा करार कुणाशी, किती भाड्याने? नोंदी कुठे आणि किती दिवस ठेवता? पगार कापण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकता का? आणि त्याच अर्जात विचारावे, तुमच्या हद्दीत वायू मोजणारी यंत्रे किती आणि ती शेवटची कधी वापरली? माहितीचा अधिकार आहे, अर्जाला 10 रुपये लागतात.

वतनाच्या काळात नोंद पाटील-कुलकर्ण्याच्या दप्तरात होती आणि आपल्याला ती वाचता येत नव्हती. आज आपल्याला वाचता येते. म्हणून नोंद आपल्याला दाखवत नाहीत. ती मागणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

जय भीम.