‘खोट्या’ सॉसचा खरा इतिहास



हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘जैन पास्ता’ असं लिहिलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. त्याचा अर्थ साधारण असा घेतला जातो, की खरा पास्ता वेगळाच असतो. त्यातून मांस काढलं, कांदा-लसूण काढला आणि जे उरलं ते आपल्या ताटात आलं. घरातली शाळेत जाणारी मुलंही हळूहळू हेच धरून चालतात. मित्राकडे मिळतो तो ‘खरा’, आई करते तो ‘आपल्यातला’. या समजुतीला इतिहासाचा काही आधार आहे का? इटलीतल्या जुन्या पाकपुस्तकांची हकिकत पाहिली, तर आपल्यासाठी त्यात एक समाधानाची गोष्ट आहे आणि एक सावध करणारी.

टोमॅटो मुळात इटलीचा नाहीच. तो अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या ‘तोमात्ल’ या शब्दावरून स्पॅनिश ‘तोमाते’ आलं आणि त्यावरून आपला ‘टोमॅटो’. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये मेक्सिकोची राजधानी जिंकली आणि त्यानंतर काही वर्षांत हे फळ समुद्रापार युरोपात पोचलं. १५४४ मध्ये मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने त्याची नोंद केली, ती वांग्याचाच एक नवा प्रकार म्हणून. दहा वर्षांनी, १५५४ च्या आवृत्तीत, त्याने ‘पोमी दोरो’ म्हणजे सोन्याची फळं असं नाव दिलं. आजही इटलीत टोमॅटोला ‘पोमोदोरो’च म्हणतात.

वांग्याशी जोडलेलं हे नातं फक्त इटलीपुरतं नाही. बंगालीत टोमॅटोला ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगं, असं म्हणत. वनस्पतिशास्त्रातही दोघांचं कुळ एकच. आपल्यात वांगं बहुबीज म्हणून न खाणारी घरं पुष्कळ आहेत, आणि काही घरांत त्याच कारणाने टोमॅटोही येत नाही. तुमच्याकडे तसा नियम असेल, तर पुढची कृती सोडून द्या आणि इतिहास तेवढा वाचा.

इटलीत टोमॅटो आला तरी स्वयंपाकघरात त्याला सहज जागा मिळाली नाही. पुष्कळ काळ लोक त्याच्याकडे शंकेनेच बघत. टोमॅटोच्या सॉसची पहिली छापील इटालियन कृती सापडते ती आंतोनिओ लातिनी याच्या पुस्तकात. हा नेपल्समधल्या एका बड्या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या घरचा कारभारी. त्याचं पुस्तक १६९२ ते १६९४ या काळात दोन खंडांत निघालं. निखाऱ्यावर भाजलेले टोमॅटो सोलून बारीक चिरायचे, त्यात कांदा, मीठ, तेल आणि व्हिनेगर घालायचं. त्याने याला ‘स्पॅनिश पद्धतीचा’ सॉस म्हटलं आहे, कारण नेपल्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. कृती वाचली तर आपल्या भाजलेल्या टोमॅटोच्या चटणीची आठवण होते. पास्त्याचा मात्र त्यात उल्लेख नाही.

मग पास्ता कशाशी खात? चीजशी. नेपल्सच्या लोकांना पूर्वी ‘पालाखाऊ’ म्हणून चिडवत, इतका त्यांच्या जेवणात पालेभाजीचा भरणा असे. सतराव्या शतकात पास्ता स्वस्त झाला आणि त्यांचं नाव बदलून ‘मॅकरोनीखाऊ’ झालं. रस्त्यावर कढईतून काढलेला गरम पास्ता, वर किसलेलं चीज, आणि खायचा हाताने. टोमॅटो आणि पास्ता दोघंही त्याच गावात होते, पण त्यांची गाठ पडायला आणखी शंभरएक वर्षं जावी लागली.

याच काळात युरोपात एक वेगळा विचार पसरत होता. मांस न खाणाऱ्याला तेव्हा ‘पायथागोरसपंथी’ म्हणत. पायथागोरस हा ग्रीक विचारवंत साधारण भगवान महावीरांच्याच शतकातला, आणि तो मांस खात नसे अशी परंपरा सांगते. इंग्रजीतला ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द रूढ झाला तो १८४७ मध्ये इंग्लंडात शाकाहारी संस्था निघाली त्या सुमारास. तोवर पायथागोरसचंच नाव चालत होतं. १७४३ मध्ये फ्लॉरेन्सच्या आंतोनिओ कोक्की या वैद्याने प्रकृतीसाठी असा आहार चांगला, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. १७८१ मध्ये नेपल्सच्या विन्चेन्झो कोर्रादो या स्वयंपाक्याने ‘पायथागोरसी आहार’ या नावाचं आख्खं पाकपुस्तकच काढलं. भाज्या, फळं, बिया, जमिनीतून येणारं सगळं, आणि त्यात टोमॅटोही.

इथेच ती सावध करणारी गोष्ट आहे. कोर्रादोच्या पुस्तकाचं नाव पायथागोरसचं असलं, तरी त्यातल्या कित्येक भाज्या मांसाच्या पाण्यात शिजवलेल्या आहेत. त्याच्या लेखी भाजी मुख्य असली म्हणजे पुरे होतं. ती कशात शिजली, हा प्रश्न त्याच्यासाठी नव्हताच. आपल्यासाठी तोच पहिला प्रश्न असतो.

टोमॅटो आणि पास्ता यांचं लग्न लावणारी नावाजलेली कृती १८३९ ची. इप्पोलितो काव्हालकांती हा नेपल्सकडचा सरदार. त्याच्या पाकपुस्तकाच्या या आवृत्तीला नेपल्सच्या बोलीतली एक पुरवणी होती, घरगुती स्वयंपाकाची. तीत टोमॅटोच्या शेवया आहेत. टोमॅटोला फुलीसारखे काप द्या, बिया आणि पाणी काढून टाका, शिजवा, चाळणीतून गाळा, तो रस आटवा, आणि त्यात उकडलेल्या शेवया घालून मीठ-मिरपुडीसह मंद आचेवर परता. टोमॅटोचं वजन शेवयांच्या दुप्पट. कांदा नाही, लसूण नाही, मांसाचा तुकडा नाही. वाचून आपल्याला वाटावं, की अरे, हे तर आपलंच!

पण आटवताना तो त्यात डुकराची चरबी घालायला सांगतो, आणि तीही सढळ हाताने. गरिबाच्या घरी तेव्हा तीच स्निग्धता होती. म्हणजे डोळ्यांना दिसणारा पदार्थ पूर्ण शाकाहारी, आणि आत जे विरघळलं आहे ते नाही.

तेल कधी वापरत? उपवासाच्या दिवसांत. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आणि शुक्रवार हे तेव्हा कॅथलिक लोकांचे मांसवर्ज्याचे दिवस असत. त्या दिवसांच्या स्वयंपाकाला इटलीत ‘रोडका’ स्वयंपाक म्हणतात. चरबीच्या जागी तेल येई आणि सॉस खरोखर मांसाशिवायचा होई. आपल्याकडे जसं पर्वात काही गोष्टी सोडल्या जातात, तसंच तेही व्रत होतं. फरक एवढाच, की व्रत संपलं की त्यांचा सॉस बदलायचा आणि आपला तोच राहतो.

आता समाधानाची गोष्ट. १८९१ मध्ये पेल्लेग्रिनो आर्तुझी याने फ्लॉरेन्समध्ये स्वतःच्या खर्चाने एक पाकपुस्तक छापलं. इटलीच्या घराघरांत पोचलेलं हे पुस्तक आजही वापरात आहे. त्यात तो टोमॅटोचे दोन पदार्थ स्पष्ट वेगळे करतो. एक ‘साल्सा’, ज्यात कांदा, लसूण, सेलरी, तेल आणि बेसिल येतं. दुसरा ‘सुगो’. सुगो साधाच असला पाहिजे, असं तो बजावतो: फक्त टोमॅटो, शिजवून गाळलेले. फार तर सेलरीचे चार तुकडे आणि पार्स्ली-बेसिलची पानं. गंमत म्हणजे याच पुस्तकात तो एका पाद्र्याची गोष्ट सांगतो. हा पाद्री गावातल्या प्रत्येक घरच्या कामात नाक खुपसायचा, म्हणून लोक त्याला ‘टोमॅटो पाद्री’ म्हणत. टोमॅटो जसा सगळ्यात असतो तसा!

म्हणजे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी इटलीतल्या सगळ्यांत मान्यवर पाकपुस्तकाने कांदा-लसणाशिवायचा, मांसाशिवायचा टोमॅटोचा रस स्वतंत्र पदार्थ म्हणून नोंदवला आहे. तो कशातून काहीतरी वगळून केलेला नाही. आपण घरी करतो तो त्याच्याच जवळचा.

तरीही नावात हिणवणं राहिलंच. तोस्काना भागात मांसाशिवाय केलेल्या सॉसला ‘सुगो फिंतो’ म्हणतात. ‘फिंतो’ म्हणजे खोटा, नकली. मांस परवडत नसे तेव्हा गरीब घरातल्या बायका भाज्या बारीक चिरून मंद आचेवर इतक्या वेळ शिजवायच्या, की सॉसला मांसाच्या सॉससारखा दाटपणा यावा. ज्याच्याकडे मांस आहे त्याने आपल्या ताटाला खरं म्हटलं आणि जिच्याकडे नाही तिच्या ताटाला खोटं. वर्षानुवर्षं लाखो घरांत जो पदार्थ रोज शिजला तो खोटा कसा? आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

घरी करताना दोन गोष्टींवर मात्र लक्ष हवं. पहिली, चीज. पार्मेजान म्हणजे ‘पार्मिज्यानो रेज्ज्यानो’ हे त्याच्या नियमांनुसार वासराच्या पोटातल्या रेनेटनेच बनतं, त्यामुळे ते आपल्याला चालणारं नाही. हिरवा ठिपका आणि रेनेट कोणतं हे पाहूनच चीज घ्या, नाहीतर सोडून द्या. या सॉसला चीजची गरज नाही. दुसरी, पास्ता. उत्तर इटलीच्या ताज्या पास्त्यात अंडं असतं. दक्षिणेकडचा वाळवलेला पास्ता म्हणजे फक्त ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. घरच्या गव्हाच्या शेवयाही चालतात. काव्हालकांतीनेही शेवयाच घेतल्या होत्या.

कृती अशी. पिकलेले, गरदार टोमॅटो १ किलो. प्रत्येकाला फुलीसारखे काप देऊन बिया आणि पाणी काढा. जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवा, वेगळं पाणी घालू नका. मग पुरणयंत्रातून काढा. इटलीतल्या बायका याच कामाला अगदी तसलंच यंत्र वापरतात. साली वर राहतात आणि रेशमासारखा रस खाली येतो. मिक्सरमध्ये फिरवलात तर हवा शिरून रंग फिका पडतो. रस परत आचेवर ठेवा. डाव फिरवल्यावर पातेल्याच्या तळाशी रेघ उमटली की आटला समजा. मीठ, मिरपूड, ३ चमचे तेल आणि शेवटी बेसिलची पानं. बेसिल म्हणजे आपल्या सब्ज्याचंच झाड. टोमॅटो फार आंबट असतील तर चिमूटभर साखर. अर्धा किलो पास्ता थोडा कमी शिजवून घ्या आणि सॉसमध्येच दोन मिनिटं परता, म्हणजे सॉस पास्त्याला धरतो. सगळं मिळून तासाभराचं काम, त्यामुळे दुपारी चारला सुरू केलं तर सूर्यास्ताआधी ताटं निवांत होतात.

पुढच्या वेळी कुणी ‘हा जैन पास्ता का?’ असं विचारलं, तर हो म्हणा. आणि आर्तुझीच्या पुस्तकातही सुगो असाच आहे, हेही सांगा.