हस्तिदंत आयातबंदी : अमेरिकेतील अपवाद

आफ्रिकी हत्तीच्या दंताच्या व्यापारी आयातीवर अमेरिकेत जवळजवळ संपूर्ण बंदी असून यासंबंधीचा विस्तृत नियम ६ जुलै २०१६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी वस्तूदेखील विक्रीसाठी त्या देशात आणता येत नाही. कारण जुन्या मालाच्या आडून ताजा हस्तिदंत खपविला जाण्याचा धोका असतो.

अपवाद मोजके आहेत. कायद्याची अंमलबजावणी व शास्त्रीय संशोधन यांसाठी आयातीस मुभा आहे. वाद्ये, फिरत्या प्रदर्शनातील वस्तू, वारशाने मिळालेल्या अथवा बिऱ्हाड हलविताना नेलेल्या चीजवस्तू यांनाही सूट मिळते. मात्र त्यांतील हस्तिदंत घडविलेला व २६ फेब्रुवारी १९७६ पूर्वीचा असावा लागतो आणि सोबत ‘साइट्स’ कराराची कागदपत्रे लागतात. आफ्रिकी हत्तीची ‘साइट्स’च्या परिशिष्टात प्रथम नोंद झाली ती याच दिवशी, घानाच्या पुढाकाराने.

सर्वाधिक वादग्रस्त अपवाद शिकारीचा. परवानाधारक शिकाऱ्यास वर्षाला दोन हत्तींपर्यंतची शिकारचिन्हे आणता येतात. कच्चा हस्तिदंत या वाटेनेही आत येऊ शकतो.

आशियाई हत्तीला ही सवलत लागू नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. हस्तिदंताची घोडी असलेली जुनी सतार परदेशी नेऊ इच्छिणाऱ्या कलावंताने हा भेद ध्यानी घ्यावा. शिवाय भारताचा कायदाही कठोर आहे : १९८६ च्या दुरुस्तीने देशी, तर १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार येथे निषिद्ध ठरला.