झेवियर : एका गढीचे नाव

६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेल्या जेझुइट पाद्रीचे बाप्तिस्म्याचे नाव फ्रान्सिस्को. वडील हुआन दे हासो, आई मारिया दे आस्पिल्क्वेता. मग 'झेवियर' कुठून आले? आजच्या स्पेनमधल्या नावारा प्रांतातल्या त्यांच्या गढीवरून, आणि ती गढी आईच्या माहेरची. म्हणजे आज पाळण्यात ठेवले जाणारे हे नाव मुळात माणसाचे नव्हतेच.

गढीला ते कसे मिळाले, याचा माग बास्क भाषेत लागतो. 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवे. सुरुवातीचा स्वर झिजला आणि 'शाव्हिएर' उरले. 'एचेव्हेरिया' हे आडनावही याच दोन शब्दांचे असल्याने ही व्युत्पत्ती भक्कम ठरते.

उच्चाराचा साक्षीदार मात्र एकच अक्षर आहे : एक्स. मध्ययुगीन नावारात त्याचा उच्चार 'श' होता. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पॅनिशमधला हा 'श' घशात गेला. १८१५ साली स्पॅनिश अकादमीने अशा शब्दांसाठी 'जे' हे अक्षर ठरवले. आजचा 'हावियेर' तिथून आला. पोर्तुगीजांनी 'श' सोडला नाही. म्हणून गोव्यातला पोर्तुगीज वळणाचा 'शाव्हियेर' आजच्या माद्रिदपेक्षा त्या गढीच्या बोलीला जवळचा आहे!

गढीचे नाव बाळाला कधी मिळाले? १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस्कोंना संतपद मिळाले. पण असिसीचे संत फ्रान्सिस आधीच होते. दोघांत फरक कळावा म्हणून 'झेवियर' जोडून राहिले असावे. हा तर्क. पुरावा असा : मेक्सिकोचा इतिहासकार क्लाव्हिहेरो, जन्म १७३१, नाव फ्रान्सिस्को हावियेर. १७६३ साली जन्मलेला लेखक द मेस्त्र मात्र नुसता झाव्हिए. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे नाव जोडीतून सुटून एकटेही चालू लागले होते, असे दिसते.

अमेरिकेत ते एकविसाव्या शतकात मुलांच्या पहिल्या शंभर नावांत आले. त्याचे श्रेय १९६३च्या 'एक्स-मेन' या चित्रकथेतल्या प्रोफेसर झेवियरला देतात. तिथेही ते आडनावच आहे, आणि चित्रकथेनंतर चार दशकांनी आलेल्या लाटेचे कारण म्हणून मला ते अपुरे वाटते.

वसईच्या ख्रिस्ती घरांत झेवियर पुष्कळ. त्यांच्या शेजारीच, वसई रोड स्टेशनाजवळ, एक जुने गाव आहे. नाव नवघर.