हातगाडी, फावडं आणि भरपूर वाळू

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ‘ओल्ड कोर्स’ हे जगातलं सगळ्यात नावाजलेलं गोल्फ मैदान. पण एखादी मोठी स्पर्धा सोडली तर रविवारी तिथे खेळता येत नाही. त्या दिवशी गावातले लोक कुत्र्यांना घेऊन तिथे फिरतात. रविवार देवाचा, हे जुनं कारण आहेच. पण दुसरं कारण टॉम मॉरिस नावाच्या म्हाताऱ्याच्या तोंडी घातलं जातं: साहेब, तुम्हाला विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी आहे.

हे मैदान कुणी आखून बांधलेलं नाही. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या उंचसखल पट्ट्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. आपल्या भाषेत गावाचं गायरानच. पीक येत नाही म्हणून सगळ्यांचं: मेंढ्या चरायच्या, बायका कपडे वाळत घालायच्या आणि लोक गोल्फ खेळायचे. गवत कापायचं काम मेंढ्या आणि ससे फुकटात करायचे.

पण ससे फार झाले तर मैदानाची चाळण होते. 1797 साली कर्जबाजारी नगरपालिकेने ही जमीन विकली आणि थोड्याच वर्षांत ती सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हाती गेली. बिळांमुळे खेळणं अवघड झालं, गोल्फवाले चिडले, वाद कोर्टात गेला. अखेर 1821 मध्ये जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने जमीन विकत घेतली आणि खेळ वाचला. त्याच वर्षी त्याच गावात टॉमचा जन्म झाला.

टॉम वाढला तो काळ मैदानासाठी कठीण होता. आधी चेंडू चामड्यात पिसं ठासून बनायचा. महाग आणि नाजूक. 1848 च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, स्वस्त चेंडू आला. 1852 मध्ये गावात रेल्वे आली. खेळणारे वाढले, लोखंडी काठ्या वाढल्या आणि गवताचे लचके तुटायला लागले. त्यात 1744 चा सगळ्यात जुना लेखी नियम सांगायचा की पुढचा पहिला फटका आधीच्या खड्ड्यापासून एका काठीच्या अंतरातच मारायचा. चेंडूखाली उंचवटा करायला वाळूही त्याच खड्ड्यातून उकरायची! म्हणजे जिथे चेंडू अलगद घरंगळायला हवा, तिथेच सगळे जोर काढणार.

टॉम प्रेस्टविकला मैदान राखायचं काम करत होता. 1864 साली गावच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्याला परत बोलावलं. वर्षाला 50 पौंड पगार, मैदानासाठी 20 पौंड आणि हातात एक ढकलगाडी, एक फावडं, एक कुदळ. तोवर तो तीनदा ओपन जिंकला होता (चौथ्यांदा 1867 मध्ये जिंकला), तरी काम मातीचंच.

त्याचं खरं हत्यार म्हणजे वाळू. प्रेस्टविकमध्ये त्याच्या हातून वाळूची गाडी हिरवळीवर उलटली आणि काही दिवसांनी तिथलंच गवत जोमाने आलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, शास्त्र पक्कं आहे. मेलेल्या काड्या-मुळांचा थर साचला की पाणी वर अडतं आणि हिरवळ स्पंजासारखी होते. वाळूचा पातळ थर पसरून झाडला की ती त्या थरात मिसळते, खाचा भरतात आणि पाणी खाली उतरतं. गवत त्या थरातून नवे फुटवे काढतं. लिंक्सवरचं बारीक फेस्क्यू गवत तर गरिबीतच बरं जगतं. शेणखताचा मारा केला की रुंद पानांची आडदांड गवतं त्याला दाबून टाकतात. हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही पटायला जड जाईल. टॉमच्या मदतनिसाचं नाव हनीमन. त्याला मालकाकडून एकच गोष्ट सतत ऐकावी लागायची: अजून वाळू टाक.

बाकी उपाय साधे होते. पहिल्या फटक्याच्या जागा त्याने हिरवळीपासून वेगळ्या केल्या. 1870 च्या सुमारास पहिल्या होलसाठी वेगळी हिरवळ केली, त्यामुळे मैदान दोन्ही दिशांनी खेळता यायला लागलं: एका आठवड्यात डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. शेतात पीक बदलावं तसं इथे पायाखालची वाट बदलायची आणि तुडवलेल्या भागाला श्वास घेऊ द्यायचा.

1875 च्या सप्टेंबरमध्ये त्याची सून बाळंतपणात गेली आणि नाताळच्या दिवशी मुलगा टॉमी. तोही चार वेळा ओपन जिंकलेला, वय अवघं 24. टॉम मैदानावर राहिला, 1903 पर्यंत. मधे 1894 मध्ये संसदेच्या कायद्याने ही जमीन पुन्हा गावाच्या मालकीची झाली.

आज तिथे यंत्रं आहेत, पण हिवाळ्यात गवताची वाढ थांबते तेव्हा यंत्रांचा उपयोग नसतो. मग खेळाडूंच्या हातात छोटी चटई दिली जाते. फेअरवेवर चेंडू पडला की तो उचलून चटईवर ठेवायचा आणि तिथून मारायचा. लांबून, भरपूर पैसे मोजून आलेला माणूसही बगलेत चटई धरून चालतो.