पाठवणी, नांदणे आणि मोकळीक : १८८७ मधील दोन आयुष्ये

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यानंतर काही दिवसांतच, मार्चमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना हुकूम केला : महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जावे, न गेल्यास सहा महिन्यांचा तुरुंगवास. रखमाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. दोघींच्या जन्मात चार-पाच महिन्यांचेच अंतर. एकीला नवऱ्याने सातासमुद्रापलीकडे जाऊ दिले, दुसरीला नवरा सोडायला तयार नव्हता. म्हणून आपण सहज म्हणतो की गोपाळरावांचे प्रेम खरे आणि दादाजींचा नुसता हक्क. खरे प्रेम माणसाला जाऊ देते, हे वाक्य आपल्याला आवडते. पण या दोन प्रकरणांचे तपशील पाहिले की ते तितके सरळ राहत नाही.

आधी रखमाबाई. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. आई जयंतीबाई यांनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. हे सावत्र वडील वैद्यकातले जाणकार. कोवळ्या वयात गर्भाधान करू नये, अशा मताचे. त्यामुळे मुलगी सासरी गेली नाही, माहेरीच वाचत राहिली. पुढे दादाजींनी बोलावणे धाडले, रखमाबाईंनी जायला नकार दिला आणि १८८४ मध्ये दावा दाखल झाला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अजाण वयात लग्न लागलेल्या आणि कधीच न नांदलेल्या स्त्रीला मनाविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात तो निकाल फिरला आणि प्रकरण फॅरन यांच्यापुढे आले. आपण तुरुंगात जाऊ, पण नांदायला जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले. ‘केसरी’सारखी पत्रे दादाजींच्या बाजूने उभी राहिली, तर बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली.

या खटल्यात प्रेमाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विचारायची सोयही नव्हती. ‘नांदणे’ या आपल्या शब्दात सुखाने राहणे अभिप्रेत आहे, पण न्यायालयापुढे त्याचा अर्थ एवढाच उरला की देह कोणाच्या घरात असावा. दादाजींनी जाऊ दिले, हे खरे. पण दोन हजारांच्या पावतीला प्रेम म्हणता येत नाही. म्हणजे जाऊ देण्याच्या कृतीतून प्रेम आपोआप सिद्ध होत नाही, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट या प्रकरणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. रखमाबाईंवर ज्यांची माया होती, त्या आईने आणि सावत्र वडिलांनी नेमके उलट केले. त्यांनी पाठवणी केली नाही. मुलीला जाऊ देणे हाच ज्या समाजात आईबापांचा धर्म मानला जाई, तिथे त्यांनी तिला धरून ठेवले. डॉ. सखाराम अर्जुन १८८५ मध्ये, पहिला निकाल लागण्याआधीच गेले. पण त्यांनी अडवलेली पाठवणी अडलेलीच राहिली. इथे प्रेमाचे रूप धरून ठेवण्याचे होते, कारण मुलीलाच जायचे नव्हते.

आता आनंदीबाई. वयाच्या नवव्या वर्षी त्या गोपाळरावांच्या घरी आल्या. गोपाळराव बिजवर, सुमारे वीस वर्षांनी मोठे, टपाल खात्यात नोकरीला. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, तो दहा दिवस जगला. १८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकेतील मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेले पत्र छापून आले, ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाज पकडले. नवरा सोबत नव्हता. ही आपल्या रीतीतली उलटी पाठवणी : माहेराहून सासरी नव्हे, तर नवऱ्याच्या घरातून परक्या मुलुखात, शिकायला.

पण ही मोकळीक होती का? गोपाळरावांनी शिकवणीत हातही उगारला होता. अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी तो हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाचे मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या. हे सारे त्या वयाला आणि मनाला झेपणारे नव्हते, असे त्या स्पष्ट लिहितात. त्याच वेळी तुमचे वागणे चांगले होते की वाईट, हे ठरवणे फार कठीण आहे, असेही म्हणतात. गोपाळरावांनी पत्नीला पाठवले ते स्वतःच्या ध्येयासाठीही. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणामागेही हेच गोपाळराव होते. माणसांना आपल्या प्रयोगात ओढण्याचा त्यांचा स्वभावच होता.

तरीही एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकावी लागते. वर सांगितलेले पत्र श्रीरामपूरच्या घरात बसून लिहिले गेले नसते. हजारो मैलांचे अंतर मध्ये होते, म्हणून ते लिहिता आले. आपल्याला जाऊ देणाऱ्याचाच न्याय करण्याची जागा आनंदीबाईंना जाण्यामुळे मिळाली. शिक्षणही हळूहळू त्यांचे स्वतःचे झाले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे कारण त्यांनी श्रीरामपूरच्या भाषणात आपल्या तोंडाने सांगितले होते. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा गोपाळराव आणि पंडिता रमाबाई समारंभाला हजर होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. ते काम मात्र त्यांच्या हातून व्हायचे नव्हते.

रखमाबाईंना तो अवधी मिळाला. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले, अशी नोंद आहे. तुरुंगाच्या भीतीनेही जे नाते त्यांनी मानले नाही, त्याची ही खूण त्यांनी कोणी न सांगता धारण केली. पटो वा न पटो, तो निर्णय त्यांचा होता. तेवढ्यासाठीच तर त्या भांडल्या होत्या.

म्हणून जाऊ देणे ही प्रेमाची कसोटी मानण्यापेक्षा दुसऱ्याच्या इच्छेला जागा देणे ही कसोटी मानावी, असे मला वाटते. त्या इच्छेप्रमाणे कधी सोडावे लागते, तर कधी, जयंतीबाईंप्रमाणे, धरून ठेवावे लागते. कायद्याला हे अजून पुरते उमगलेले नाही. नांदायला न जाणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात नांदवण्याचा दावा कायम राहिला, तो नवरा किंवा बायको कोणीही करू शकते. त्याच वर्षी सप्टेंबरात रखमाबाई वारल्या. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले.

आनंदीबाईंना कार्पेंटरबाईंनी लेकीसारखे सांभाळले होते. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मृत्यूनंतर गोपाळरावांनी अस्थी त्यांच्याकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. गोपाळरावांनी केलेली ही दुसरी पाठवणी. पहिलीत अभ्यास होता, अटी होत्या, पदवी घेऊन परत येण्याची अपेक्षा होती. या दुसरीत त्यांना परत काहीच मिळणार नव्हते.