खाण, विहीर आणि बाबासाहेबांचे मजूर खाते

बारामती-इंदापूरच्या मातीत कोळसा नाही. इथे खणलं तर आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि नशीब असलं तर पाणी. मग विहाराच्या स्मरणिकेत आम्ही कोळशाच्या खाणीवर का लिहावं, असं वाचकांच्या मनात येईल. त्याची कारणे दोन. चंद्रपूरच्या विजेचा दिवा आपल्याही घरात जळतो, आणि तो कोळसा काढणाऱ्यांत आपले हजारो बांधव आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली ते चंद्रपूर हेच. दुसरे कारण असे की, जमिनीखाली अडकलेल्या माणसाला वर काढणे हे सरकारचे काम आहे, हा विचार आपल्या देशात कसा आला याचा इतिहास आपल्या घराघरात ठाऊक असायला हवा. त्यात बाबासाहेबांचाही वाटा आहे.

खाणीत माणूस चार कारणांनी मरतो. वरचं छत कोसळतं, जुन्या बंद खाणीचं पाणी फुटून आत घुसतं, आग लागते, किंवा वायूचा स्फोट होतो. स्फोटातून वाचलेला माणूस मागे राहिलेल्या विषारी वायूने मरतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो. सोबत्याला काढायला धावलेला दुसरा तिथेच पडतो, त्याच्यासाठी तिसरा जातो, तोही पडतो. म्हणून खाणीत सोडवणूक करणाऱ्याला नुसती हिंमत पुरत नाही. पाठीवर प्राणवायूचे यंत्र लागते, ते लावून अंधारात तासन् तास काम करण्याचा सराव लागतो, आणि हुकूम पाळणारी तुकडी लागते.

ही अक्कल जगाला फार महाग पडली. १९०६ साली फ्रान्समध्ये कुरिएर येथील खाणीत स्फोट होऊन १०९९ माणसं गेली. तयारीची सोडवणूक पथके जवळ नव्हती. तेरा कामगार तब्बल वीस दिवसांनी आपल्या पायाने बाहेर आले, तेव्हा जगाला धक्का बसला. आत माणसं जिवंत होती आणि त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं! त्यानंतर युरोपात ठिकठिकाणी सोडवणूक केंद्रांचे कायदे झाले. इंग्लंडात १९१० साली खास कायदा झाला. पण त्याच इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानातल्या खाणीत तसं काही आलं नाही. इथे खाण कायदा १९०१ साली झाला होता, १९२३ साली नवा झाला, तपासनीस होते, दंड होता. माणूस अडकला तर काढायचा कुणी, याची सोय मात्र नव्हती. काळ्या मजुराचा जीव स्वस्त होता, दुसरं काय!

डिसेंबर १९३६ मध्ये राणीगंज भागातील पोईडीह खाणीत स्फोट होऊन २०९ कामगार मेले. तेव्हा कुठे सरकार हलले. १९३९ साली कोळसा खाण बचाव नियम आले, आणि १९४१ साली झरियाजवळ धनसार व राणीगंजकडे सीतारामपूर अशी दोन बचाव केंद्रे उभी राहिली. देशातली ती पहिली. म्हणजे कायदा आणि यंत्र यायला दोनशे नऊ प्रेतं लागली.

पुढच्याच वर्षी, जुलै १९४२ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. चाळीत राहिलेला, कामगारांत वावरलेला माणूस मजूर खात्याच्या खुर्चीवर बसला. खाणीचे खाते त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया-राणीगंजच्या कोळसा भागात गेले, आणि ऑफिसात बसून अहवाल न वाचता स्वतः खाणीत उतरून मजूर काम कसं करतात ते त्यांनी पाहिलं. मजुरांच्या वस्त्याही पाहिल्या.

जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांची सोय करायची, अशी ती योजना होती. पुढे याच निधीच्या परंपरेतून धनबाद आणि आसनसोल इथे खाण कामगारांची मोठी इस्पितळे झाली. आम्ही हे मुद्दाम सांगतो. माणूस खाणीतून वर काढला आणि वर दवाखानाच नसला, तर त्या सोडवणुकीला अर्थ काय? कोळसा काढून झालेल्या पोकळीत वाळू भरण्याचा १९३९ चा कायदा होता, म्हणजे छत कोसळू नये. तो दुरुस्त करण्याचं विधेयकही बाबासाहेबांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. आधी माणूस अडकूच नये, अडकला तर बाहेर निघावा, निघाला तर जगावा. या तिन्ही गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण आपण पोथीपूजक नाही. बायकांना खाणीच्या पोटात कामाला पाठवण्यावर बंदी होती. महायुद्धात कोळशाचा तुटवडा पडला म्हणून सरकारने १९४३ साली ती उठवली. त्या वेळी मजूरमंत्री बाबासाहेबच होते. कायदेमंडळात फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यावरून कडाडून टीका झाली. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की ही युद्धकाळातली तात्पुरती सोय आहे, आणि एकाच कामाला बाईला पुरुषाइतकीच मजुरी द्यायची अट आपण घातली आहे. ही बंदी फेब्रुवारी १९४६ मध्ये परत लागू झाली, तेव्हाही खाते त्यांच्याचकडे होते. कुणी या निर्णयाला चूक म्हणो, कुणी मजबुरी म्हणो. आम्हाला यातून दिसते ते हे, की सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर आपल्या माणसालाही अडचणीतून वाट काढावी लागते, आणि तरी समान मजुरीची अट सोडायची नसते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटना झाली. तिच्या सातव्या परिशिष्टात संघसूचीत ५५ वी नोंद आहे: खाणी आणि तेलक्षेत्रांतील मजूर व सुरक्षितता यांचे नियमन. म्हणजे ही जबाबदारी केंद्र सरकारची. मालकाच्या मर्जीवर किंवा दानधर्मावर ती सोडलेली नाही. १९५२ साली नवा खाण कायदा आला. पण कागदावरचा कायदा आणि खाणीच्या तोंडाशी असलेलं यंत्र यांत अंतर असतं. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाड्याकडील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मेले. नागपूर तेव्हा त्याच प्रांताची राजधानी होती, आणि धनसार-सीतारामपूरची केंद्रे तिथून शेकडो मैलांवर. १९५९ साली बचाव नियम नव्याने केले. तरी १९६५ साली धोरीच्या स्फोटात २६८ गेले. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला इथे जुन्या खाणीचं पाणी फुटलं आणि ३७५ कामगार बुडाले. ‘काला पत्थर’ सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती गोष्ट ठाऊक आहे. १९८५ साली आजच्या ओळखीचे खाण बचाव नियम आले. आता बचाव केंद्र, खाणीजवळ बचाव खोली, शिकलेले कामगार आणि त्यांचा ठरलेला फेरसराव बंधनकारक झाला, आणि कोळशाबरोबर इतर भूमिगत खाणीही त्यात आल्या. आपल्या विदर्भातल्या खाणींसाठी नागपूरला असं केंद्र आहे.

नियम आणि तयारी असली की काय होतं, ते नोव्हेंबर १९८९ मध्ये दिसलं. राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं. ७१ कामगार आत अडकले, त्यांतले सहा गेले. उरलेल्या ६५ जणांसाठी वरून भोक पाडलं, लोखंडी पिंजरा तयार केला, आणि जसवंतसिंग गिल नावाचा अभियंता स्वतः त्यात बसून खाली उतरला. एकेक करून पासष्टच्या पासष्ट वर आले, आणि गिल सगळ्यात शेवटी आला. धाडस त्याचं होतंच. पण भोक पाडायचं यंत्र, लोखंड, कारागीर आणि आतली खबर बाहेर पोचवणारी व्यवस्था हाताशी होती, म्हणून त्या धाडसाला फळ आलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज इथे शेणाच्या वायूने भरलेल्या टाकीत चार जण गुदमरून गेले. एक पडला, त्याला वाचवायला बाकीचे उतरले. खाणीत जे घडतं तेच अंगणात घडलं. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी इथे खोल विहिरीचं रिंगचं काम करताना कडा ढासळून चार मजूर गाडले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, पोकलेन लावले, दिवसरात्र खणलं, पण हाती लागली ती प्रेतंच.

विहीर ही कायद्याने खाण नाही. खनिज काढण्यासाठी खणलं तर खाण कायदा, पाण्यासाठी खणलं तर नाही. शंभर फूट खोल उतरणारा मजूर मात्र तोच, आणि ढासळणारी मातीही तीच. जुन्या खाण कायद्याची जागा घेणारी नवी कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. गाव-वाडीतल्या विहिरीवर रोजंदारीने उतरणाऱ्यापर्यंत तिचा हात पोचतो की नाही, हे विचारणं आता आपलं काम आहे. विहिरीत उतरणारे, गटारात उतरणारे, टाकी साफ करणारे कोण असतात हे या वस्तीला सांगायला नको. गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ चा कायदा आहे, आणि तिथे मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख रुपये द्यावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. तो कायदा मिळाला कारण लोक त्यासाठी लढले.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची सेवा आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी केली, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. पण तथागत तिथेच थांबले नाहीत. भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा करावी, असा त्यांनी संघाला दंडक घालून दिला. विनयाचे नियम असेच झाले. एखादी घटना घडली की तिच्यातून नियम आला. करुणा एका माणसाच्या मनात असते, तो माणूस गेला की तीही जाते. नियम झाला की ती सगळ्यांची होते. खाणीचे बचाव नियम हे त्याच जातीचे आहेत.

म्हणून आमची विनंती एवढीच. टाकीत, विहिरीत कुणी पडला तर मागोमाग उतरू नका, आधी ११२ ला फोन करा आणि माणसं थोपवून धरा. ग्रामसभेत विचारा, आपल्या तालुक्यात प्राणवायूचे यंत्र कुठे आहे, दोर आणि तिकाटणं कुठे आहे, आणि ते वापरायला शिकलेला माणूस कोण आहे. आपल्या विहारातले दहा तरुण हे शिकले, तर वर्धापनदिनाला त्याहून चांगली भेट कोणती? बाबासाहेब स्वतः खाणीत उतरले होते. आपण निदान ग्रामसभेत उभं राहू या.

जयभीम. नमो बुद्धाय.