उदक कुठे पडतं?

संस्थेला घर किंवा जमीन देण्याचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वी म्हणे हातावर उदक सोडलं की दान पुरं होई. स्वीकृती, साक्षीदार, नोंदणी हा जाच इंग्रजी कायद्याने मागे लावला. देणाऱ्याचा भाव शुद्ध असला की झालं, बाकीचे शब्द वकिलांनी पाहावेत. हे मत मला मुळीच मान्य नाही. त्यात आपल्याच शास्त्राचं विस्मरण आहे.

ते उदक पडतं कुठे, एवढंच आधी पाहावं. ते घेणाऱ्याच्या तळहातावर पडतं. तो हात पुढे आला नाही तर? विज्ञानेश्वराचं ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रग्रंथातलं उत्तर स्पष्ट आहे: आपलं स्वत्व सोडून दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करणं म्हणजे दान, आणि दुसऱ्याने स्वीकारल्यावाचून त्याचं स्वत्व निर्माण होत नाही. बंगालच्या जीमूतवाहनाने दायभागात उलट बाजू घेतली; त्याच्या मते दात्याचा त्यागच पुरेसा. आपल्याकडे चालली ती मिताक्षरा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 122 वं कलम दात्याच्या हयातीत स्वीकार झाला पाहिजे म्हणतं, तेव्हा ते विज्ञानेश्वराच्याच बाजूला उभं असतं.

शब्दांचा काटेकोरपणाही नवा नाही. विहीर, तळं, बाग सर्वांसाठी सोडण्याला शास्त्रकारांनी ‘उत्सर्ग’ हा वेगळा शब्द ठेवला. तिथे ठरावीक घेणारा नसतो, म्हणून स्वीकाराचा प्रश्न नाही. आणि सोडणाराही इतरांसारखाच त्या विहिरीचं पाणी पिऊ शकतो. दानात दिलेल्या वस्तूवर असा हक्क उरत नाही. राजांचे ताम्रपट तर दिलेल्या गावाच्या चतुःसीमा कोरून ठेवत. त्यांना कुणी कागदी जाच म्हटलं नाही.

उलट नव्या कायद्याने एक जुनी अट सैल केली. जुन्या हिंदू कायद्यात ताबा दिल्याखेरीज दान पक्कं होत नसे. 123 व्या कलमाने त्या जागी दात्याच्या सहीचा, किमान दोन साक्षीदारांचा नोंदणीकृत दस्त, म्हणजे बक्षीसपत्र, आणलं. दात्याने हयातभर ताबा आणि भाडं स्वतःकडे ठेवलं तरी बक्षीसपत्र टिकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. एकट्या वृद्धाला राहत्या घरातून न उठता ते घर संस्थेला देता येतं, ते यामुळे. मात्र बक्षीसपत्र मनाला येईल तेव्हा फिरवता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. शब्द वकिलावर सोपवणाऱ्याला हा फरक फार उशिरा कळतो, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

तक्रार करणाऱ्यांचा त्रागा एका बाबतीत मात्र समजू शकतो, आणि ती बाब कराची आहे. ‘दान दिलं की 80जीची वजावट मिळते’ हे सरसकट गृहीत धरलं जातं. 1961 च्या आयकर कायद्यात ती वजावट फक्त पैशांच्या दानाला होती. वस्तुरूप दानाला नाही. शेअरच्या दानाबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं. घर थेट दिलं तर दात्यावर भांडवली नफ्याचा कर बसत नाही, पण वजावटही मिळत नाही. विकून पैसे दिले तर आधी कर, मग वजावटीचा दावा. कोणतं परवडतं, याचा हिशेब दस्ताआधी करावा लागतो.

मुद्रांक शुल्काचं दुखणं याहून मोठं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा नातीला बक्षीस दिलं तर मूळ शुल्क 200 रुपये. धर्मादाय संस्थेला दिलं तर ही सवलत लागू नाही. साक्षीदारांवर आणि नोंदणीवर चिडणाऱ्यांनी आपला सगळा राग या एका तरतुदीवर काढावा. तिथे मी त्यांच्या बाजूने उभा आहे.